सव्वादोन मणांचा गोळा

पोस्टकार्ड मंगळवारी दुपारी आलं. मोरेश्वर मास्तर ओसरीवर पन्हं पीत बसले होते. त्यांनी कार्ड एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि पेला न संपवताच खाली ठेवला. मे महिन्यात सौंसरमध्ये पन्हं अर्धवट टाकणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर अडचणीत सापडलेला असतो. मास्तरांची तब्येत ठणठणीत होती.

कार्ड नागपूरच्या कोणा अनुराधाबाईंचं होतं. अक्षर सुरेख, मजकूर त्याहून सुरेख. ‘आपले विद्यार्थी हेमंत यांच्याकडून कळले की, १९५७पासूनच्या अंतराळयात्रांच्या बातम्यांची कात्रणे आपण जपून ठेवली आहेत. त्या सुरुवातीच्या वर्षांच्या साधनांवर मी पुस्तक तयार करत आहे. आपल्या भागातल्या साध्या माणसांनी तेव्हा काय वाचले, काय लिहिले, हे मला गोळा करायचे आहे. ऑक्टोबर सत्तावन्नमध्ये छापून आलेले आपले पत्र पाहण्याची विशेष उत्सुकता आहे. गुरुवारी सकाळच्या बसने येते.’

दुसऱ्या कोणाला असं कार्ड आलं असतं, तर त्यानं ते बाजार चौकात नेऊन दहा जणांना दाखवलं असतं. मास्तरांनी ते सदऱ्याच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटन लावलं.

मास्तरांची कीर्ती मोठी होती. सौंसरात त्यांना कोणी नावानं ओळखत नसे, स्पुटनिक मास्तर म्हटलं की रिक्षावालाही घरापर्यंत आणून सोडी. रशियाचा पहिला उपग्रह, आकाशात गेलेली कुत्री, पहिला माणूस, पहिली बाई, चंद्रावरचं पाऊल, सगळ्याची कात्रणं त्यांनी पाच जाड रजिस्टरांत चिकटवली होती. यंदा एप्रिलमध्ये आपला भारतीय माणूस अंतराळात जाऊन आला आणि मास्तरांचा भाव आणखी वधारला. पांढुर्ण्याला भाषण झालं, रामाकोन्याला झालं, बोरगावला तर नारळ देऊन झालं. प्रत्येक भाषणाची सुरुवात एकच असे. “मी तर सत्तावन्न सालीच वर्तमानपत्रात लिहिलं होतं.” हे वाक्य अक्षरशः खरं होतं. काय लिहिलं होतं, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि मास्तरांनीही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

लिहिलं होतं ते असं. मास्तर तेव्हा बावीस वर्षांचे होते, रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेत नुकतेच लागले होते. नागपूरचं वर्तमानपत्र छोट्या गाडीनं दुपारी गावात यायचं. त्यात ती बातमी वाचून त्यांनी एका बैठकीत पत्र लिहिलं आणि आठवड्याभरात ते छापूनही आलं. ‘संपादक महाशय, रशियाने सव्वादोन मणांचा गोळा आकाशात सोडला व तो पृथ्वीभोवती फिरत आहे, ही आपली बातमी वाचून हसू आले. वर फेकलेला दगड खाली येतो, हे आमच्या तिसरीच्या मुलांनाही ठाऊक आहे. हा गोळा कोणाच्या आधाराने वर राहिला, हे आपण छापले नाही. आम्ही ग्रामस्थांसह लागोपाठ तीन रात्री आकाश पाहिले. गोळा दिसला नाही. ही बातमी खरी निघाल्यास मी मिशी उतरवीन.’

बातमी खरी निघाली. मास्तर इमानदार माणूस, त्यांनी डिसेंबरात मिशी उतरवली. कोणी विचारलं तर उकाडा होतो म्हणून सांगितलं, डिसेंबरात.

मग ते झपाटल्यासारखे त्या विषयाच्या मागे लागले. मिळेल ते वाचलं, मिळेल ते कापलं. पुढे एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा शाळेच्या सभेत बोलताबोलता ते वाक्य तोंडातून निसटलं, टाळ्या पडल्या, आणि मास्तर सौंसरचे द्रष्टे झाले. टाळ्या पडल्यावर खुलासा करत बसायला कोणाला जमतं? त्या पत्राचं कात्रण मात्र त्यांना पहिल्या वर्षीच फेकवलं नव्हतं. आयुष्यात नाव छापून आलं होतं ते तेवढंच. म्हणून त्यांनी ते पहिल्या रजिस्टराच्या पहिल्या पानावर ठेवलं आणि त्याच्यावर कणकेच्या खळीनं रशियन कुत्रीचा फोटो चिकटवून टाकला. ती कुत्री इमानानं सत्तावीस वर्षं पत्रावर बसून होती. पण ही अनुराधाबाई संशोधन करणारी. तिनं पान उजेडाकडे धरलं की संपलं.

‘पानच फाडून टाकावं,’ असं ठरवून मास्तर आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी लोखंडी पेटी उघडली. पेटीत दोन डांबराच्या गोळ्या होत्या. बाकी काही नव्हतं.

“नलिनी, माझ्या फायली कुठं आहेत?”

नलिनीबाई स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होत्या. “कोणत्या फायली?”

“अंतराळाच्या. लोखंडी पेटीतल्या. गुरुवारी नागपूरची एक बाई येतेय, त्या वेळी साध्या माणसांनी काय लिहिलं ते पाहायला.”

विळीवरचा हात थांबला. “त्या तं देवकाबाईले दिल्या ना. टोपल्यांसाठी.”

“कोणाला विचारून?”

“तुम्हालेच विचारून. शनिवारी. पुंडलिकराव आले होते, तुमचं दोघांचं चंद्रावर चालू होतं. मी दारातून विचारलं, देवकाबाई कागद मागून राहिली, लोखंडी पेटीतले देऊ काय? तुम्ही हात असा झटकला अन् म्हणाले, ने, सगळं ने, मधात बोलू नको.”

मास्तरांना आठवलं. बोरगावचे पुंडलिकराव संत्र्याचे बागायतदार. मृगाच्या बहरासाठी त्यांनी बागेला ताण दिला होता, म्हणजे पाणी तोडलं होतं. झाडं सुकत बसली होती आणि मालक रिकामा होता. तो रिकामा वेळ ते मास्तरांच्या ओसरीवर घालवत. माणूस चंद्रावर गेलाच नाही, हे त्यांचं म्हणणं पंधरा वर्षं जुनं होतं. शनिवारी त्यांनी विचारलं होतं, “मास्तर, इथून जाताना खालून जाळ लावला, मानलं. तिथून निघताना त्याइले ढकललं कोणं?” असे प्रश्न अडाण्यालाच सुचतात, असं मास्तर नेहमी म्हणत आणि म्हणताना का कोण जाणे जरा चाचरत. त्या चाचरण्याच्या नादातच ते ‘ने’ म्हणून बसले होते.

उन्हाळ्यात आमच्या भागात बायका जुन्या कागदाच्या टोपल्या करतात. कागद दोन दिवस भिजवायचा, मेथ्या घालून उखळात कुटायचा, तो लगदा पालथ्या घागरीवर थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. पापड, सरगुंडे, वाळल्या मिरच्या ठेवायला तशी टोपली नाही. देवकाबाई या कामात गल्लीत पहिल्या नंबरच्या.

मास्तर तरातरा त्यांच्या अंगणात गेले, मागोमाग पदर सावरत नलिनीबाई. अंगणात पाच घागरी पालथ्या होत्या आणि त्यांच्यावर मानवजातीची आकाशातली झेप वाळत पडली होती. एका टोपलीच्या कडेला ‘गागा’ एवढीच अक्षरं उरली होती, दुसरीच्या पोटावर कोणाच्या तरी शिरस्त्राणाची अर्धी काच चमकत होती.

“लय चिवट कागद होता मास्तर,” देवकाबाई कौतुकानं म्हणाल्या. “आता असा कागद भेटत नाई.”

“आणि पहिलं रजिस्टर? निळ्या पुठ्ठ्याचं?”

“थे तं सगळ्यात पहिले भिजवलं. त्याले खळ लय होती ना, लोण्यासारखा लगदा झाला. ही पाहा, ही मोठी टोपली त्याचीच.”

मास्तरांनी त्या टोपलीवरून हात फिरवला. कुत्री नव्हती, पत्र नव्हतं, मिशी नव्हती. त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सत्तावीस वर्षांची कटकट देवकाबाईंनी मुसळाच्या चार घावांत मिटवली होती. फायली गेल्याचं दुःख झालं नाही असं नाही, चांगलंच झालं, पण ते आनंदाच्या बरंच मागून चालत होतं. त्यांनी चेहरा पाडला आणि एक लांब उसासा सोडला.

तो उसासा ऐकून नलिनीबाईंना रडू कोसळलं. घरी येईपर्यंत त्या रडत होत्या. “तुमचं आयुष्यभराचं काम मी पाण्यात घातलं. आता त्या बाईले काय दाखवसान?”

“जाऊ दे, नलिनी. होणार होतं ते झालं,” मास्तर म्हणाले.

पेनाचं टोपण सापडलं नाही तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस. त्याचं हे ‘जाऊ दे’ ऐकून नलिनीबाईंना आपला नवरा देवमाणूस असल्याचा साक्षात्कार झाला आणि त्या आणखीच रडल्या. बुधवारी त्यांनी पाटवडीचा रस्सा केला, वर आमरस केला. खरं काय ते सांगून टाकावं, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आमरसाची दुसरी वाटी पुढे आली.

बुधवारी संध्याकाळी पुंडलिकराव आले. नलिनीबाईंनी दारातच त्यांना सगळी हकिकत सांगितली. आता हा माणूस नाचेल, अशी मास्तरांची खात्री होती. पण पुंडलिकराव खुर्चीच्या कडेवर बसले आणि बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिले.

“हे बरं नाई झालं मास्तर,” ते म्हणाले. “फायली खोट्या होत्या, पण तुमच्या होत्या. माणसानं वीस-पंचवीस वर्षं खपून जमवलं. आता मी भांडू कोणासंग?”

“भांडायला फायली कशाला लागतात?”

“समोरच्याच्या हातात काही असलं पाहिजे ना. रिकाम्या हाताच्या माणसासंग भांडून मजा नाई येत.” मग त्यांनी विचारलं, “अन् थ्या बाईले नेमकं पाहिजे काय?”

“त्या वेळचं काहीही. पेपर, पत्र, कोणी काय लिहिलं ते,” नलिनीबाई म्हणाल्या.

“म्हंजे बाजूनं लिहिलं तेच, का विरोधात लिहिलं तेबी?”

“तेही चालेल म्हणे. साध्या माणसांनी काय लिहिलं ते पाहिजे.”

पुंडलिकराव “हाव काय,” एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठले. मास्तरांना हे चमत्कारिक वाटलं, पण पोट भरलेलं होतं, म्हणून त्यांनी फार विचार केला नाही.

गुरुवारी अनुराधाबाई आल्या. तिशीची बाई, खांद्याला झोळी, गळ्यात कॅमेरा, बसच्या धुळीनं केस तांबूस झालेले. मास्तरांनी पडक्या चेहऱ्यानं सगळी हकिकत सांगितली. त्यांना वाटलं होतं, बाई हळहळतील, चहा घेतील आणि दुपारच्या बसनं जातील. बाईंनी देवकाबाईंच्या अंगणात जाऊन पाचही टोपल्यांचे चारही बाजूंनी फोटो काढले.

“साधनांचं असंच होतं, सर,” त्या म्हणाल्या. “एका घरी मला तेव्हाचे अंक रजईच्या खोळीत सापडले होते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“आता काय वाटून घ्यायचं,” मास्तर म्हणाले. मग सावधपणे त्यांनी विचारलं, “वर्तमानपत्राच्या कचेरीत जुने अंक असतील ना?”

“होते. सत्तावन्न सालची चळत वाळवीनं खाल्ली.”

मास्तरांनी मनातल्या मनात वाळवीला हात जोडले.

“पण पत्र तुम्हाला आठवत असेल. तुमचं पहिलं छापलेलं पत्र. सांगाल का? मी लिहून घेते.” बाईंनी वही काढली.

नलिनीबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मास्तरांना नाही म्हणवेना. आतापर्यंत ते फक्त गप्प बसले होते आणि गप्प बसण्याला कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. पण आता त्यांनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि म्हणाले, “संपादक महाशय, मानवाने आज आकाशाचा उंबरठा ओलांडला आहे. रामाकोन्याच्या आम्हा साध्या गावकऱ्यांचाही त्या गगनभेदी पुरुषार्थाला प्रणाम.”

“वा,” अनुराधाबाई लिहीत म्हणाल्या.

“पुढे असं होतं की, तो दिवस दूर नाही जेव्हा मनुष्य चंद्रावर पाऊल ठेवील.”

“हे तुम्ही सत्तावन्नमध्ये लिहिलं, सर?”

“सुचलं आपलं,” मास्तर लाजून म्हणाले. त्यांना ते पत्र आता खरोखरच आवडायला लागलं होतं. मंगळावर जावं की न जावं असा विचार करत ते क्षणभर थांबले आणि तेवढ्यात दारात ट्रॅक्टर येऊन थांबला.

ट्रॅक्टरवर पुंडलिकराव होते. मागे ट्रॉलीत गादी अंथरलेली, तिच्यावर तक्क्या. ते उतरले, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, “ताई, सत्तावन्न सालचे पेपर पाहिजे तुम्हाले? माझ्या गोदामात आहेत. भिंतीले चिकटून.”

मास्तरांचा मंगळ तिथंच राहिला.

“आमच्या बानं, नत्थूजीनं, त्या साली संत्र्याच्या गोदामात लाकडी पडदी घातली होती,” पुंडलिकराव सांगू लागले. “फळ्यांमधून हवा येऊन माल सुकायचा. म्हून स्टेशनातून जुने पेपर आणले अन् दोन्ही अंगानं डकवून देल्ले. पुढं पेट्यांची थप्पी लागली, तं थे मागं झाकून गेलं. मी काल रातभर पेट्या सरकवल्या. चला, बसा.”

“या उन्हात?” मास्तर म्हणाले. “बाईंना लू लागेल.”

“मला सवय आहे, सर.”

“आणि त्या भिंतीवर पाली असतात. विंचूही असतात.”

“पाच टोपल्यांच्या बदल्यात एवढं तं करू द्या,” नलिनीबाई म्हणाल्या आणि डोक्याला ओला पंचा गुंडाळून सगळ्यांच्या आधी ट्रॉलीत चढल्या. “माझ्या हातून गेलं, माझ्या डोळ्यांसमोर परत भेटू द्या. तुमचं पत्रच भेटलं तिथं तर?”

बोरगावपर्यंत मास्तर हिशेब मांडत बसले. नागपूरच्या त्या पेपराचे त्या महिन्यात तीस-एक अंक निघाले असतील. पत्र एकाच अंकात, त्यातही आतल्या पानावर. ते पान नेमकं नत्थूजींच्या हाती पडणार, त्याची नेमकी तीच बाजू वर येणार आणि त्यावर नेमकी वाळवी लागली नसणार, असं होण्याची शक्यता फार कमी होती. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला एवढ्यानं बरं वाटायला हवं. मास्तरांना वाटलं नाही.

गोदाम अंधारं आणि थंड होतं. रिकाम्या पेट्यांचा आणि वाळल्या सालींचा वास येत होता. पुंडलिकरावांनी कंदील उंच धरला आणि पडदी दिसली. जमिनीपासून माणसाच्या छातीपर्यंत पिवळे पडलेले पेपर, कुठे उलटे, कुठे आडवे. अनुराधाबाईंनी चप्पल काढली आणि जमिनीवर मांडी घातली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून, हे असं हरखून जाणं आपल्यालाही कधी काळी होत असे, हे मास्तरांना आठवलं, आणि क्षणभर आपल्या फायलींसाठी त्यांचा जीव खरोखर कळवळला.

“मी वाचायले इथंच शिकलो,” पुंडलिकराव म्हणाले. “दहा वर्षांचा होतो. बा मले संत्री निवडायले बसवे, अन् मी संत्री सोडून भिंत वाचे. अन् ताई, आता तुम्हाले खास माल दाखवतो.” कंदील घेऊन ते कोपऱ्यात गेले आणि गुडघ्यावर बसले. “मास्तर, हे तुमच्यापासून मी पंधरा वर्षं लपवून ठेवलं. तुम्हाले दाखवलं असतं तं तुम्ही पुस्तकं काढून खोडून टाकलं असतं. पण ताई म्हणतात, विरोधात लिहिलेलंबी पाहिजे. हा लिहिणारा माणूस लय डोक्याचा. जे काही समजलं ते मले याच्यापासून समजलं.”

आणि कंदिलाकडे न पाहता, डोळे मिटून, पाढे म्हणावेत तसं पुंडलिकराव म्हणू लागले. “संपादक महाशय, रशियाने सव्वादोन मणांचा गोळा आकाशात सोडला व तो पृथ्वीभोवती फिरत आहे, ही आपली बातमी वाचून हसू आले.”

मास्तरांना एकदम सगळं उमगलं. ढकललं कोणं, धरलं कोणं, आधार कोणाचा. पंधरा वर्षं ओसरीवर बसून हा माणूस जे विचारत होता, ते प्रश्न अडाण्याचे नव्हते. ते रामाकोन्याच्या मोरेश्वराचे होते आणि म्हणूनच त्यांना उत्तर देताना जीभ अडखळत होती.

“मिशीचं तं लय आवडते मले,” पुंडलिकराव शेवटाला येऊन म्हणाले. “काय जिगर आहे पाहा. फक्त नाव नाई दिसत. खालच्या ओळीवर दुसरा कागद डकवला आहे बानं.”

“नाव हवंच,” अनुराधाबाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याच्या बाटलीत रुमाल भिजवला आणि त्या वरून डकवलेल्या कागदाची कड टिपू लागल्या. मास्तर म्हणाले की कागद फाटेल. मास्तर म्हणाले की कशाला उगीच, बिचारा मरूनही गेला असेल. मास्तर आणखीही काही म्हणाले असते, पण कागद नखाएवढा उचलला, मग बोटभर उचलला, आणि बाईंच्या खांद्यावरून वाकून नलिनीबाईंनी मोठ्यानं वाचलं.

“मोरेश्वर. शिक्षक, प्राथमिक शाळा, रामाकोना.”

नलिनीबाई सावकाश सरळ झाल्या. “त्या वेळी रामाकोन्याले दोन मोरेश्वर होते काय हो?”

एवढी मोठी पळवाट आयत्या वेळी कोणाला मिळत नाही. ‘हो’ म्हटलं की झालं. तो दुसरा मोरेश्वर पुढे बदलून गेला, एवढं म्हटलं की सौंसरचे स्पुटनिक मास्तर सहीसलामत घरी गेले असते, आणि आकाशाच्या उंबरठ्याचं पत्र पुस्तकात छापून आलं असतं. मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांनी आपलं नाव छापलेलं पाहून त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटला तो लोभ. ते नाव दुसऱ्याला देऊन टाकणं त्यांच्या जिवावर आलं.

“नाही,” ते म्हणाले. “मीच तो.”

अनुराधाबाईंनी वही उघडली. “मग हे उंबरठ्याचं?”

“ते आज सकाळी रचलं. मघाशी, तुमच्या समोरच.”

“म्हंजे परवा मी रडून राहिली होती,” नलिनीबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही आतून खूश होते.”

“थोडासा.”

“अन् काल आमरस दोन वाट्या घेतला.”

“तीन,” मास्तर म्हणाले. खरं बोलायला लागल्यावर ते थांबत नव्हते.

नलिनीबाईंनी डोक्याचा ओला पंचा सोडला आणि करकचून पिळला. मास्तरांना या महिन्यात आमरस पुन्हा दिसणार नाही, एवढं त्या पिळण्यात स्पष्ट होतं.

अनुराधाबाईंना मात्र राग आलेला दिसला नाही. “सर, अभिनंदनाची पत्रं माझ्याकडे ढीगभर आहेत,” त्या म्हणाल्या. “तेव्हा विश्वास बसला नाही असं नाव घालून, छापून सांगणारा माणूस मला एकही मिळाला नव्हता. आणि त्या पत्राचा वाचकसुद्धा इथंच उभा आहे. असं साधन कोणाला मिळत नाही. फक्त एक सांगा, तुमचं हे मत पुढे कधी बदललं?”

“दोन महिन्यांत. माझी चूक झाली होती.” मास्तरांनी ते म्हटलं, आणि सत्तावीस वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कोणी उतरवून घेतल्यासारखं त्यांना मोकळं वाटलं. “लिहून घ्या. मी साफ चुकलो होतो. मिशी उतरवली, पण सांगायचं धाडस झालं नाही.”

पुंडलिकराव एका पालथ्या पेटीवर बसून राहिले होते. कंदील मांडीवर, नजर भिंतीवर. मास्तरांना त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर थोडा विजयही झाल्यासारखा वाटला. ते जवळ गेले.

“पुंडलिकराव, पंधरा वर्षं तुम्ही माझंच मला ऐकवून राहिले होते. आता तरी माना. ज्यानं लिहिलं तोच सांगून राहिला की ते चूक होतं. आता वाद उरला कुठं?”

पुंडलिकरावांनी भिंतीकडे पाहिलं, मग मास्तरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“मास्तर, हे लिहिलं तवा तुमची उमर काय होती?”

“बावीस.”

“अन् आता?”

“एकोणपन्नास.”

“तेच म्हणतो मी.” पुंडलिकराव उठले आणि त्यांनी कंदील खुंटीला अडकवला. “थे पोरगं हुशार होतं. स्वतःच्या डोळ्यांनं तीन रात्री पाहिलं अन् मंग लिहिलं. तुम्ही पुढं पुस्तकं वाचून वाचून बिघडले. ताई, तुमच्या पुस्तकात त्या पोराचं छापा. यांचं नका मनावर घेऊ.”

“अहो, ते पोरगं मूर्ख होतं,” मास्तर कळवळून म्हणाले.

पुंडलिकरावांचा आवाज चढला नाही. पण ते मास्तर आणि भिंत यांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

“त्याले मूर्ख म्हणायचं काम नाई, मास्तर,” ते म्हणाले. “माझ्या गोदामात उभं राहून तं नाईच नाई.”

नलिनीबाई पुंडलिकरावांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.